चिप तैवानची, खोळंबा खान्देशचा

ग्राफिक्स कार्ड म्हणजे मुलांच्या संगणकीय खेळांचे साधन, असा अनेक पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात वास्तुरचनेचे त्रिमितीय आराखडे, चित्रफितींचे संकलन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास त्यावाचून अडतो. म्हणूनच त्याच्या टंचाईची झळ जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

२०२० ते २०२२ या काळात ही कार्डे जगभर दुर्मीळ झाली. दोष सहजच साठेबाजांच्या माथी मारला गेला. साठेबाजी झालीही, परंतु ते रोगाचे लक्षण होते, मूळ नव्हे. टाळेबंदीत घरोघरी संगणकाची मागणी वाढली. इथेरियम या आभासी चलनाच्या ‘उत्खनना’साठी कार्डांची घाऊक खरेदी झाली, सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची कार्यपद्धती बदलली, तेव्हाच हा उपसा थांबला.

पुरवठ्याची बाजू याहून नाजूक होती. एनव्हिडियाच्या त्या पिढीतील घरगुती कार्डांच्या चिप सॅमसंगने, तर एएमडीच्या तैवानच्या टीएसएमसीने घडविल्या. २०२१ मध्ये तैवानात भीषण दुष्काळ पडला. जगाची गरज मोजक्या कारखान्यांच्या दारात रांग लावून उभी होती. २०२५ मध्ये हेच चित्र पुन्हा दिसले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदा केंद्रांनी स्मृती-चिपचा मोठा वाटा ओढून घेतला आणि सामान्य ग्राहक मागे पडला.

या रांगेत भारत कोठे आहे? मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये चिप-उत्पादन सुरू झाले होते. १९८९ मध्ये तो आगीत सापडला आणि त्यानंतर कित्येक वर्षे वाया गेली. डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी मिळाली. धोलेरा येथे कारखान्याची उभारणीही सुरू झाली. मात्र तेथील नियोजित चिप अत्याधुनिक ग्राफिक्स कार्डांच्या श्रेणीतील नाहीत. हे वास्तव न लपविता पुढची वाट चालावी लागेल.

ही वाट खान्देशाला अनोळखी नाही. ठिबक सिंचनाचे तंत्र बाहेरून आले. भवरलाल जैन यांनी जळगावात त्याचे उत्पादन उभे केले आणि रावेर-यावलच्या केळीबागांनी ते आपलेसे केले. कार्ड कधी स्वस्त होईल, याची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याला चिपच्या रचनेचे शिक्षण खान्देशातच मिळाले पाहिजे. स्वावलंबन घोषणेने येत नाही. ते प्रयोगशाळेतून येते.