पाळीच्या दुखण्याची मोजणी आपल्याच मुलींना करू द्या

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस मुठीने गळू लागले. काही दिवसांतच आरोग्य खात्याची पथके आली, पाण्याचे नमुने तपासायला गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) तज्ज्ञ गावात पोहोचले. ते योग्यच झाले. पण याच जिल्ह्यात अशाही मुली आहेत, ज्यांची पाळी तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस उगवतात, डोक्यावरचे विरळ होतात, मान काळवंडते. हे काही दिवसांत घडत नाही, वर्षानुवर्षे चालते. त्यामुळे कोणतेही पथक येत नाही. या दुखण्याला पीसीओएस म्हणतात. त्यावर संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी बुलढाणा जिल्ह्याने स्वतःची शिष्यवृत्ती सुरू करावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हे दुखणे किती जणींना आहे? आयसीएमआरच्या मुंबईतील प्रजनन आरोग्य संस्थेने तिथल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली. ती २०१४मध्ये प्रसिद्ध झाली. एका निकषाने प्रमाण २२.५ टक्के निघाले, दुसऱ्याने १०.७ टक्के. २०२४मध्ये देशातील १८ ते ४० वयाच्या ९,८२४ महिलांचा अभ्यास आला. त्यातही निकष बदलताच आकडा ७.२ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर गेला. मग आपल्या जिल्ह्यातल्या मोताळ्याच्या किंवा संग्रामपूरच्या मुलींसाठी कोणता आकडा धरायचा? मुंबईतल्या मुलीचे जेवण, कष्ट, झोप आणि लग्नाचे वय वेगळे. तिचा आकडा उसना घेऊन इथल्या आरोग्य केंद्राचे नियोजन होणार नाही.

न मोजल्याची किंमत बाईच मोजते. ‘लग्न झाले की पाळी सुरळीत होईल’ म्हणून मुलगी उजवली जाते. मूल लवकर झाले नाही की बोल तिलाच. दरम्यान इन्सुलिन नीट काम करत नसल्याने मधुमेहाची वाट मोकळी होते. महिनोन्‌महिने पाळी न आल्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते. बीड जिल्ह्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. ऊसतोड महिलांची गर्भाशये काढली जात होती. २०१९मध्ये राज्याने समिती नेमली आणि ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या सुमारे १३ हजार ८०० जणींची शस्त्रक्रिया झाल्याचे कळले. तो प्रश्न पीसीओएसचा नव्हता, पण पाळीच्या तक्रारीकडे वेळीच कोणी पाहिले नाही तर गोष्ट कुठवर जाते, हे त्या मोजणीने दाखवले.

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी पीसीओएस निवडला. गावात बायका आधी म्हणाल्या, ‘पाळी नाई आली त त्याच्यात दवाखान्याचं काय काम?’ ही आपल्यातलीच, आपल्यासारखीच बोलणारी, असे दिसल्यावर मात्र त्या मोकळ्या झाल्या. ४३ जणींनी माहिती दिली. पुढे रक्ताच्या तपासण्यांचा खर्च समोर आला. घरी कोरडवाहू सोयाबीन, त्याला त्या वर्षी भाव नव्हता. तिने विषय बदलला आणि धरणातल्या माशांवर प्रकल्प केला. तोही चांगला झाला. पण त्या ४३ जणींना आपण पुढे काय कळवले? काहीच नाही. याची बोच मला आजही आहे.

शिष्यवृत्त्या आहेतच, असे कोणी म्हणेल. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.साठी आहेत. आयसीएमआर एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी मानधन देते. एम.डी. करणाऱ्या डॉक्टरांना विद्यावेतन मिळते. २०२४पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली, पण एसटीचे भाडे आणि तपासणीचे पैसे शुल्कात येत नाहीत. एम.एस्सी., नर्सिंग, गृहविज्ञान, समाजकार्य शिकणारी मुलगी या सगळ्यांच्या मधल्या फटीत पडते. आणि नव्या शैक्षणिक धोरणाने पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प तर सक्तीचा केला आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा. दरवर्षी १० विद्यार्थी निवडावेत. प्रत्येकाला दरमहा १० हजार रुपये १२ महिने द्यावेत आणि तपासण्या व प्रवासासाठी वेगळे ५० हजार. एकूण खर्च १७ लाख. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, त्यातून तो भागेल. निवड संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाने करावी, आणि रक्ताच्या तपासण्यांची व वैद्यकीय मार्गदर्शनाची जबाबदारी बुलढाण्याच्या नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने घ्यावी. शेवटचा हप्ता मात्र मराठीतला अहवाल गावच्या आरोग्य केंद्रात आणि आशाताईंसमोर वाचून दाखवल्यावरच मिळावा.

विद्यार्थ्यांचे संशोधन कच्चे असते, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे सर्वांना एकच प्रश्नावली, एकच निकष, नीतिसमितीची मंजुरी आणि नावांची पूर्ण गुप्तता. दहा जणांनी शंभर-शंभर महिलांची नोंद केली तर तीन वर्षांत तेरा तालुक्यांतील तीन हजार महिलांची माहिती हाती येईल. हे काम फार यंत्रांचेही नाही. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीची अनियमितता आणि अंगावरील जादा केस ही दोन्ही लक्षणे असतील, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी दुसरी कारणे वगळल्यावर निदानासाठी सोनोग्राफी लागत नाही. लग्न न झालेल्या मुलीला सोनोग्राफीच्या रांगेत उभे करायला आईबाप कचरतात, त्या आपल्या भागात ही केवढी मोठी सोय आहे!

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शेतकरी आत्महत्या आणि रक्तक्षय असलेल्या जिल्ह्यात हे शहरी बायकांचे दुखणे कशाला? पण पीसीओएस सुखवस्तू घरे निवडून येत नाही. सडपातळ, राबणाऱ्या मुलींनाही तो होतो. महिनोन्‌महिने थांबलेली पाळी आली की कित्येकींचा रक्तस्राव आठवडाभर थांबत नाही. रक्तक्षय त्यानेही वाढतो. म्हणजे ज्या प्रश्नाचे कारण सांगून हा विषय मागे ढकलला जातो, त्याच्याशीच तो जोडलेला आहे.

१८८२मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारले होते की सारे दोष बाईच्याच माथी का? मूल न होण्याचा दोष आजही तिच्याच माथी आहे, आणि त्यामागचे दुखणे तपासायला आपल्याकडे पैसे नाहीत. या शिष्यवृत्तीला ताराबाईंचे नाव द्यावे. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीतच हा विषय घ्यावा, म्हणजे जूनमध्ये प्रवेश घेणारी पहिली मुलगी विषय न बदलता तो पूर्ण करू शकेल.

– एक निवृत्त प्राध्यापिका, मेहकर (जि. बुलढाणा)