घरोघरच्या चाली आणि संगणकाचें दप्तर

दोन घराण्यांत सोयरीक जुळली म्हणजे पहिल्या सणासच चालीरीतींचा फरक दिसूं लागतो. एका घरीं पुरणपोळीबरोबर दूध हवें, दुसऱ्या घरीं तूपच हवें. दोन्ही घरें आपापल्या परीनें बरोबरच असतात. घोटाळा होतो तो एका घरची चाल दुसऱ्या घरींही असेलच असें गृहीत धरल्यामुळें. संगणकांचीही हीच कथा आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक या तीन घराण्यांचे संगणक आज कित्येक कुटुंबांतून एकत्र नांदतात. परंतु फाईलीस नांव कसें द्यावें, ती कोठें ठेवावी आणि एका जागेहून दुसऱ्या जागीं कशी न्यावी, याविषयीं प्रत्येकाची रीत निराळी. ती न ओळखल्याचें फळ आम्हांस आमच्याच घरीं भोगावें लागलें, म्हणून या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

आमच्या आजोबांची नोकरी नागपुरास आणि आजीचें बिऱ्हाड पुण्यास, अशीं कांहीं वर्षें गेलीं. त्या काळांत उभयतांनीं एकमेकांस लिहिलेलीं ११२ पत्रें आमच्याकडे होतीं. त्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं वेळींच संगणकांत ठेविलीं, हें आमचें भाग्य; कारण मूळ कागदांची पुढें वाळवीनें माती केली. फाईलींस नांवें देतांना आम्हीं एक युक्ति योजिली होती. आजोबांचें पत्र असेल तर आरंभीं रोमन लिपींतील मोठा ‘पी’, आजीचें असेल तर लहान ‘पी’, आणि पुढें तारीख. आमच्या लिनक्सच्या संगणकास हा भेद बरोबर कळत असे.

यंदां आमच्या पुतण्यानें हीं पत्रें आपल्या विंडोजच्या संगणकावर नेण्यासाठीं पायथन भाषेंत दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. फाईली पेन ड्राइव्हवर हलवावयाच्या, मूळ जागीं कांहीं शिल्लक ठेवावयाचें नाहीं, अशी त्याची योजना. काम मिनिटाभरांत झालें. मोजलीं तों पत्रें १०९!

“काका, प्रोग्रामनें एकही चूक दाखविली नाहीं,” तो म्हणाला. तें खरेंच होतें. विंडोजवर, आणि नेहमींच्या पेन ड्राइव्हवरही, फाईलींच्या नांवांत मोठें व लहान अक्षर एकच मानण्याचा प्रघात आहे. ज्या तीन दिवशीं आजोबांनीं आणि आजीनें एकाच तारखेस एकमेकांस पत्रें लिहिलीं होतीं, त्या तीन दिवशींचीं दोन दोन नांवें तेथें एक झालीं, आणि मागाहून आलेल्या फाईलीनें आधींची पुसून टाकिली. दोन पत्रांच्या प्रती सुदैवानें आत्याबाईंकडे मिळाल्या. तिसरें, आजोबांचें, गेलें तें गेलेंच. त्या दिवशींचें आजीचें पत्र आमच्यासमोर आहे. आजोबांनीं काय लिहिलें होतें, तें आतां कोणास सांगतां येणार नाहीं.

या निरनिराळ्या चाली पडल्या कशा? १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्सचा जन्म झाला. त्याच्या पत्त्यांत दोन नांवांमध्यें तिरपी रेघ, म्हणजे स्लॅश, घालतात. लिनक्सनें तीच चाल उचलली. मायक्रोसॉफ्टच्या डॉसची पहिली आवृत्ति १९८१ सालीं निघाली, तेव्हां तींत फोल्डरच नव्हते. ते दुसऱ्या आवृत्तींत, १९८३ सालीं आले. पण तोंवर स्लॅशचें चिन्ह आज्ञांचे पर्याय दर्शविण्यांत गुंतलें होतें. म्हणून उलट कललेली रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, पत्त्यासाठीं घ्यावी लागली. जुना मॅक अपूर्णविराम वापरीत असे. २००१ सालीं तो युनिक्सच्या पायावर उभा राहिला. सारांश, प्रत्येक चालीस कारण आहे. पण तें कारण त्या त्या घरापुरतेंच.

या घरांमध्यें मध्यस्थी करणारीं लहान लहान फंक्शनें हल्लीं बहुतेक भाषांत तयार मिळतात. जावाच्या सातव्या आवृत्तींत २०११ सालीं अशा फंक्शनांचा नवा संच आला. पायथनमध्यें जुन्या ‘ओएस पाथ’च्या जोडीस २०१४ सालीं ‘पाथलिब’ आलें. सी प्लस प्लसनें २०१७ च्या प्रमाणांत त्यांचा समावेश केला. फोल्डराचें व फाईलीचें नांव त्यांच्या हातीं दिलें म्हणजे तीं त्या त्या घराच्या चालीचें चिन्ह घालून पत्ता सांधतात. वापरणाऱ्याचें घरचें फोल्डर कोठें आहे, अमुक फाईल आहे कीं नाहीं, तिच्या नांवाचें शेपूट कोणतें, हें विचारावें आणि त्यांनीं सांगावें. पत्त्याचे तुकडे स्वतः चिकटवीत बसण्याचें कांहीं कारण उरत नाहीं.

मग आमच्या पुतण्याचें चुकलें कोठें? त्यानें पायथनचें ‘मूव्ह’ हें फंक्शन वापरलें होतें. नवी जागा त्याच डिस्कवर असेल तर तें केवळ नांव बदलतें; निराळ्या डिस्कवर असेल तर आधीं नक्कल करतें आणि मग मूळ फाईल काढून टाकतें. त्यास नुसतें फोल्डर दाखविलें असतें, तर त्या नांवाची फाईल तेथें आधींच आहे असें पाहून त्यानें काम नाकारलें असतें. पुतण्यानें मात्र फाईलीचा पूर्ण नवा पत्ता दिला, आणि फंक्शननें ती आज्ञा निमूटपणें पाळली. मध्यस्थास दोन्ही घरांच्या चाली ठाऊक असतात. आपल्या मनांत काय आहे, हें ठाऊक नसतें.

मराठींत नांवें देणाऱ्यांनीं आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. लिनक्सच्या नेहमींच्या फाईल-व्यवस्थेंत नांवाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि देवनागरीचें प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा व हलन्त धरून, तीन बाइट घेतें. म्हणजे ८५ चिन्हें झालीं कीं जागा संपली. विंडोजवर तशीं २५५ चिन्हें मावतात. दुसरें असें कीं, ‘कऱ्हाड’ या नांवांतील ‘ऱ’ संगणकांत दोन प्रकारें लिहितां येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखालीं नुक्ता म्हणून. डोळ्यांस दोन्ही सारखेच. पण मॅकची जुनी व्यवस्था दुसरा प्रकार साठवीत असे, आणि लिनक्स त्या दोहोंस भिन्न नांवें समजतो. पायथनचें ‘नॉर्मलाइझ’ हें फंक्शन दोन्ही एकरूप करून देतें.

आतां आमच्या घरीं नियम ठरला आहे. प्रथम सर्व नांवें लहान अक्षरांत व एकरूप करून पाहावीं. कोणतींही दोन सारखीं होत असतील तर तीं आधींच बदलावीं. फाईली हलवूं नयेत, नक्कल करावी. नवी फाईल उघडतांना पायथनची ‘एक्स’ ही रीत वापरावी. त्या नांवाची फाईल आधींच असेल तर ती चूक दाखवून थांबते, जुनें पुसत नाहीं. नंतर दोन्हीकडील संख्या मोजावी, मजकूर ताडून पाहावा, आणि त्यानंतरच मूळ प्रतीस हात लावावा.

असो. पुतण्यानें प्रोग्राम नव्यानें लिहिला आहे. नांवांतून मोठा-लहान ‘पी’ गेला. आतां प्रत्येक नांवांत ‘आजोबा’ किंवा ‘आजी’ असा शब्दच आहे. पत्रें तारखेनें लाविलीं म्हणजे दोन ठिकाणीं जोडी दिसते आणि तिसऱ्या ठिकाणीं आजीचें पत्र एकटेंच असतें. वाचकांनीं आपल्या घरचीं दप्तरें हलविण्यापूर्वीं एक संध्याकाळ या मोजदादीसाठीं अवश्य राखून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे.