हातातली पावती म्हणजे परवाना नव्हे

कोयनानगरहून खालाच्या मुलाचा फोन आला. "भाईजान, लायसन्स तीन महिन्यांसाठी बंद केलंय. मला कुणी बोलावलंच नाही."

तो कुंभार्ली घाटातून चिपळूणला टेम्पो नेतो. कऱ्हाड रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडताना तो सापडला. ती चूक त्याची होती आणि त्याने ती मान्यही केली. पुढची चूक मात्र माझी. घरात इंजिनिअर म्हणून त्याचा ऑनलाइन अर्ज मीच भरला होता. पुढे त्यांनी भाड्याचे घर बदलले, तेव्हा पत्ता बदलायला मी विसरलो. नोटीस जुन्या दारावर गेली आणि सुनावणी त्याच्याविनाच झाली. आदेश त्याच्या हाती आला तेव्हा तो एका एजंटामागे फिरत बसला आणि अपिलाची मुदत गेली. टेम्पोचा हप्ता मात्र थांबला नाही.

त्यानंतर मी मोटार वाहन कायदा वाचला. तो आधीच वाचायला हवा होता.

पहिली गोष्ट: रस्त्यावरचा पोलीस परवाना निलंबित करत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतरचे कलम 206(4) सांगते की अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, दारू पिऊन चालवणे, शर्यत, दुचाकीवर तिघे, हेल्मेट नसणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलीस परवाना जप्त करून आरटीओकडे पाठवतो. निर्णय आरटीओचा असतो. 2022 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अतिवेगाच्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केले: पोलिसांना जप्तीचा अधिकार आहे, निलंबनाचा नाही.

दुसरी गोष्ट पावतीची, आणि इथेच आपली पोरं फसतात. 206(3) खालच्या जप्तीच्या पावतीवर गाडी चालवता येते. 206(4) खालच्या पावतीवर येत नाही, परवाना परत मिळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. म्हणून पावती घेताना तिच्यावर कोणते कलम आहे ते तिथेच वाचा.

तिसरी गोष्ट: कलम 19 नुसार तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि लेखी कारणे दिल्याशिवाय परवाना बंद करता येत नाही. असा जप्त केलेला परवाना पुढे गेला असेल तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता, पुन्हा केल्यास परवाना रद्द. पण त्याच कलमात अधिकारी तुम्हाला मोकळेही सोडू शकतो. म्हणून सुनावणीला जा. चलनाची प्रत, असल्यास फोटो, आणि गाडीवरच पोट असेल तर तसा लेखी अर्ज सोबत न्या. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

आदेश विरोधात गेला तर तो हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करता येते. अपील कोणाकडे करायचे हे आरटीओत लेखी विचारा. बाजू ऐकूनच घेतली नसेल तर घटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयाचा मार्ग आहे, पण तो खर्चिक आहे. आधी अपील करा. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा 15100 वर फोन करा. महिलांना आणि ठराविक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांना मोफत वकील मिळतो.

"तीन महिने काय, गुपचूप चालवू," असे कोणी म्हणेल. अपात्र असताना गाडी चालवल्यास कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. एका रात्रीत घर विकावे लागेल.

दोस्तांनो, आपल्या वस्त्यांत सरकारी लिफाफा दिसला की भीती वाटते. तो न उघडता कपाटात जातो, किंवा एजंटाच्या खिशात. आपण भेदभावाविरुद्ध बोलतो, बोललेच पाहिजे. पण कायद्याने जी सुनावणी आपल्यासाठी राखून ठेवली आहे, तिथली खुर्ची आपणच रिकामी ठेवली तर तक्रार कोणाकडे करणार?

आज रात्री एक काम करा. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याच्या परवान्यावरचा पत्ता आणि नोंदवलेला मोबाइल नंबर तपासा. चुकीचा असेल तर बदलून घ्या. मला हे काम जमले असते, तर एका घराचे तीन महिने वाचले असते.