गव्हाणीतले बाळ आणि दुकानातला म्हातारा

डिसेंबरचा पंधरवडा उलटला की आमच्या इंदूरच्या बाजारपेठांतून हिरव्या प्लास्टिकची झाडे उभी राहतात, त्यांवर कापसाचा बर्फ पसरला जातो आणि लाल टोप्यांचे ढीग लागतात. माळव्यात थंडी पडते खरी. परंतु बर्फ येथे पाहिला आहे कोणी? आपल्या मराठी घरांतील मुलेही त्या टोप्या हौसेने घालून मिरवतात. त्यांच्या हौसेशी माझे मुळीच वाकडे नाही. मात्र हा सण कोणाचा, असे विचारावे, तर पुष्कळ मुले 'सांताचा' म्हणून मोकळी होतात, आणि ज्याचा हा जन्मदिवस त्याचे नावही ओठांवर येत नाही.

या म्हाताऱ्याचे मूळ पाहू गेल्यास गंमत वाटते. आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचा निकोलस नावाचा चौथ्या शतकातील बिशप, गोरगरिबांना गुप्तपणे साह्य करणारा अशी त्याची ख्याती. डच लोकांनी त्याची आठवण जपली. पुढे अमेरिकेत 1823 साली छापल्या गेलेल्या एका बालकवितेने त्याला सांबरांच्या गाडीत बसविले, आणि 1931 पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी त्याचे गुबगुबीत रूप जगभर नेले. त्याचा लाल डगला त्या कंपनीनेच शिवला, ही समजूत मात्र खरी नव्हे. तो त्याआधीच शिवून तयार होता. तात्पर्य, गुप्तदान करणाऱ्या साधूचा आपण विक्रेता करून टाकला.

बरे, दुकानदार ही टोपी विकतो, तर दुसरा कोणी तिच्यावर संतापतो. 2021 सालच्या नाताळात आग्र्यास सांताक्लॉजचे पुतळे जाळण्यात आले. परकी संस्कृती नको, हा त्यामागचा आवेश. मला या दोघांत फारसे अंतर दिसत नाही. विकणाऱ्याने आणि जाळणाऱ्याने, दोघांनीही नाताळ म्हणून त्या म्हाताऱ्यालाच ओळखले; गव्हाणीकडे पाहण्यास कोणालाच सवड झाली नाही.

त्या गव्हाणीत आहे तरी काय? लूकच्या शुभवर्तमानातील कथा अगदी थोडक्यात आहे. रोमच्या बादशहाने खानेसुमारीचे फर्मान काढले, म्हणून नाझरेथचा एक सुतार आपल्या गरोदर वाग्दत्त वधूसह बेथलेहेमला गेला. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही. मूल जन्मले, ते गुरांच्या गव्हाणीत निजविले. ही वार्ता प्रथम कळली ती राजाला नव्हे, धर्मपंडितांनाही नव्हे, रात्री रानात मेंढरे राखणाऱ्या धनगरांना! मॅथ्यू पुढची हकीकत सांगतो: राजाच्या भयाने हे कुटुंब मिसर देशात पळाले. सरकारी हुकमाने घर सोडलेले, दारोदार नकार ऐकलेले आणि अखेर निर्वासित झालेले हे बिऱ्हाड आहे. कंदील-झुंबरांच्या लखलखाटात नेमके तेच दिसेनासे होते. असिसीच्या फ्रान्सिसने 1223 साली ग्रेचो गावी खरे गवत आणि खरा बैल व गाढव आणून हा देखावा मांडला, तो लोकांना ही गरिबी डोळ्यांनी दिसावी म्हणूनच.

आणि हे सारे मराठीला परके आहे काय? आपण या सणाला 'नाताळ' म्हणतो, तो पोर्तुगीज शब्द; त्याचा अर्थच जन्म. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यास आला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे क्रिस्तपुराण मराठीत रचले. ते 1616 साली रायतूरला छापले गेले. त्याच पोर्तुगीज अमलात साष्टीतील देवळे पाडली गेली, हेही विसरून चालणार नाही. तरीसुद्धा ओवी ती ओवीच राहिली. पुढे रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला भजन-कीर्तनात आणले. त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. ज्या भाषेत ख्रिस्तजन्म चारशे वर्षे गायिला गेला आहे, त्या भाषेच्या मुलांनी तो टोपीवरून ओळखावा, याचे मला खरे वाईट वाटते.

त्यांना टोपी देऊ नका, असे मी म्हणत नाही. टोपीबरोबर ती गव्हाणीची गोष्टही सांगावी. दहा मिनिटे लागतात, आणि त्यासाठी कोणास धर्म बदलावा लागत नाही. गोव्यातील जुन्या शेजाऱ्यांना हे कोणी शिकविले नव्हते. चवथीला हिंदू घरातून नेवऱ्यांचे ताट ख्रिस्ती घरी जाई, नाताळात तिकडून दोदोल आणि बेबिंका येई, आणि त्या ताटातही नेवऱ्या असत. आजही पुष्कळ वाड्यांवर ही देवघेव चालू आहे. सारण दोन्हीकडे नारळाचेच.