उजव्या हातचा माऊस डाव्या हाती

चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे सुटे करायचे आणि ज्याचे त्याचे ठिकाण पाहून पुन्हा नव्या गाडीला जोडायचे, हे काम रात्रंदिवस चालते. भिलाई मार्शलिंग यार्ड हे त्याचे नाव, पण सगळे त्याला बी.एम.वाय. एवढेच म्हणतात. याच यार्डात उभी हयात नोकरी करून निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिलेले एक मराठी गृहस्थ आहेत. मूळचे नागपूरकडचे. घरात आणि शेजारीपाजारीही त्यांना आबाच म्हणतात.

निवृत्त झाल्यावर आबांनी संगणक शिकून घेतला. मग वस्तीतल्या कुणाचा पेन्शनचा अर्ज अडला, कुणा विधवा बाईंचे कौटुंबिक निवृत्तिवेतन सुरू व्हायचे राहिले, की मंडळी कागदांची पिशवी घेऊन आबांच्या टेबलाशी येऊन बसू लागली. पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणे आणि बुद्धी शाबूत राहिली, पण उजव्या हाताची पकड गेली. माऊस धरला की पडद्यावरचा बाण भलतीकडे पळे. दोनदा लागोपाठ बटण दाबायला जावे, तर दुसरी दाब उशिरा पडे. घरच्यांनी समजूत घातली, "आबा, आता आराम करा." आबांनी खुर्ची सोडली, ती सोडलीच.

एका रात्री सगळी निजानीज झाल्यावर सूनबाईंना संगणकाच्या खोलीत उजेड दिसला. आबा डाव्या हाताने माऊस सरकवून पाहत होते. उजव्या हातासाठी बांधलेली ती वस्तू डाव्या तळव्यात बसतच नव्हती. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी नवा माऊस आणवला.

माऊस उजवीकडेच का?

अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माऊस बनवला. ती चाके लावलेली लाकडी डबी होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच. म्हणजे दोन्ही हातांना काम होते. पुढे तो संच मागे पडला, माऊस मात्र उजवीकडेच राहिला. यंत्राला डावे-उजवे काही नसते. ती सवय आपली आहे आणि सवय बदलता येते.

विकत घेताना

डाव्या हाताने वापरायचा असेल, तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा माऊस घ्यावा. अंगठ्यासाठी एका बाजूला खोलगट केलेला माऊस बहुधा उजव्या हातासाठीच असतो. दुकानात तो हातात धरून पाहावा. मनगट वाकडे न होता तळवा त्यावर टेकला पाहिजे.

वायरचा माऊस सर्वांत बिनत्रासाचा, यूएसबीच्या खाचेत घातला की चालू. बिनवायरीच्या माऊससोबत नखाएवढा रिसीव्हर मिळतो. तो पुष्कळदा सेलच्या कप्प्यातच ठेवलेला असतो आणि रिकाम्या खोक्याबरोबर "रिसीव्हर आलाच नाही" अशी तक्रार दुकानात जाते! सेलखालची प्लॅस्टिकची पट्टी काढावी आणि पोटाकडचे बटण चालू करावे. ब्लूटूथचा माऊस संगणकाशी जोडताना मात्र आधी पडद्यावर काही गोष्टी निवडाव्या लागतात, म्हणून जोडणी होईपर्यंत जुना माऊस फेकू नये.

टेबलावर नुसती काच असेल, तर खाली कागद किंवा पॅड घालावे. आजच्या माऊसच्या पोटात रबरी गोळी नसते, प्रकाश असतो आणि पारदर्शक काचेवर तो बहुधा गोंधळतो.

विंडोजवर

आबांच्या टेबलावरचा संगणक विंडोज ११चा. तेथे 'सेटिंग्ज'मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस' आणि त्यात 'माऊस' उघडावे. 'प्रायमरी माऊस बटन' या ओळीत 'राईट' निवडावे. निवडताक्षणी बटणांची अदलाबदल होते, त्यामुळे पुढचा क्लिक उजव्या बटणाने करायचा, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर माऊस बिघडला असे वाटून माणूस घाबरतो. बाणाचा वेग तिथेच कमी करता येतो. 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज' ही ओळ उघडली, की दोन क्लिकांमधला वेळ वाढवता येतो. तिथेच 'क्लिकलॉक' नावाची सोय आहे. बटण क्षणभर दाबून सोडले की ते दाबलेलेच राहते, म्हणजे मजकूर निवडताना बोट दाबून धरावे लागत नाही. थरथरणाऱ्या हाताला हा मोठाच आधार. जुन्या विंडोजमध्ये या सोयी 'कंट्रोल पॅनेल'मधल्या 'माऊस'खाली सापडतात.

आता घरातली अडचण. बटणे उलटी केल्यावर संध्याकाळी नातू खेळायला बसला आणि त्याने आरडाओरडा केला. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये ही निवड वापरणाऱ्याच्या खात्यापुरती असते. म्हणून आबांचे खाते वेगळे आणि नातवाचे वेगळे करावे. एकाच संगणकावर दोघेही सुखाने नांदतात.

मॅकवर

ॲपलच्या संगणकात 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'माऊस' हे सदर आहे. दुय्यम क्लिक कोणत्या बाजूला हवा, हे तिथे ठरवता येते. चाक फिरवल्यावर पान उलट्या दिशेने सरकते असे वाटले, तर 'नॅचरल स्क्रोलिंग' बंद करावे. २०११ पासून मॅकवर हीच रीत मुळात चालू असते. दोन क्लिकांमधला वेळ मात्र 'ॲक्सेसिबिलिटी'मधील 'पॉइंटर कंट्रोल'मध्ये आहे. काही बिनवायरी माऊसचा रिसीव्हर लावताच मॅक नवा की-बोर्ड आल्याचे समजून 'शिफ्टच्या शेजारची कळ दाबा' असे विचारतो. घाबरू नये, ती खिडकी बंद करावी.

लिनक्सवर

नातवाच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. 'सेटिंग्ज'मधील 'माऊस अँड टचपॅड'मध्ये मुख्य बटण उजवे की डावे, ते निवडायचे. 'ॲक्सेसिबिलिटी'त गेल्यास आणखी एक सोय मिळते. बाण एका जागी काही क्षण थांबला की क्लिक आपोआप होतो, बोट दाबावेच लागत नाही.

माऊस धरताच येत नसेल तर

विंडोजमध्ये 'माऊस कीज' चालू केल्यास की-बोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांनी बाण हलतो आणि ५ या आकड्याने क्लिक होतो. डावीकडचे ऑल्ट, डावीकडचे शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबले की ही सोय सुरू होते. मात्र एका हाताने तिन्ही कळा दाबणे अवघड. म्हणून घरातल्या कुणीतरी 'सेटिंग्ज'मधील 'ॲक्सेसिबिलिटी'तून ती आधीच लावून द्यावी. मॅक आणि उबुंटूतही अशीच सोय आहे.

एवढे सगळे करून दिले तरी पहिले काही दिवस हात ऐकत नाही. अशा वेळी शेजारी उभे राहून "द्या इकडे, मी करतो" असे म्हणण्याचा मोह घरच्यांनी आवरावा. सरावासाठी पत्त्यांचा एखादा सोपा खेळ चांगला. पाने उचलून ठेवताना बाण आवरण्याची सवय आपसूक होते. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटे पुरेत. हात किंवा खांदा दुखू लागला तर थांबावे आणि व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारावे. दुबळ्या हाताचा व्यायाम तर सोडूच नये. डावा हात शिकतो आहे म्हणून उजव्याला सुट्टी नाही.

आबांनी पहिला आठवडा पत्ते खेळण्यात घालवला. चिडले, एकदा माऊस ढकलूनही दिला. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचे नाव लिहिलेली फाईल उघडली. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू दाराशी घुटमळल्या. हातात कागदांची पिशवी होती, पण विचारावे कसे, हा संकोच.

"आबा, तुम्हाला त्रास होईल. राहू द्या."

"बसा हो," आबा म्हणाले. "त्रास कसला? आता हा माझ्या डाव्या हातचा मळ."

अर्ज भरायला पूर्वी वीस मिनिटे लागत, त्या दिवशी सव्वा तास लागला. सूनबाईंनी मध्ये दोनदा चहा नेऊन दिला, पण माऊसला हात लावला नाही.