सत्तावीस सामने, सत्तावीस गुण आणि एक हट्ट

रविवारी रात्री मँचेस्टर युनायटेडनं ॲस्टन व्हिलाला २-० हरवलं आणि आमचा हंगाम एकदाचा संपला. शेवटचा सामना जिंकला म्हणून खूश व्हावं, तर तक्त्यात नंबर पंधरावा. वीस संघांत पंधरावा! ३८ सामने, ११ विजय, ९ बरोबरी, १८ पराभव, गुण ४२. १९७३-७४ साली हा क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता. त्यानंतरची ही सगळ्यात वाईट कामगिरी.

मला माहीत आहे, या भिंतीवर तुम्ही नगरपालिका, पाणी आणि रस्ते वाचायला येता. "गडहिंग्लजात बसून मँचेस्टरची काळजी कशाला करताय पत्रकार?" असं चहाच्या टपरीवर मला रोज ऐकवलं जातं. पण ज्या गावात पोरगं चालायला लागलं की चेंडूला लाथ मारतं, त्या गावाला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मे १९९९. मी अठरा वर्षांचा, बारावीच्या निकालाची धास्ती. मित्राच्या घरी केबलवर रात्री सव्वाबाराला बार्सिलोनातली फायनल सुरू झाली. नव्वद मिनिटं झाली तरी बायर्न म्युनिक १-० पुढं. मित्राचे वडील आतून ओरडले, "बंद करा रे तो टीव्ही!" आणि जादा वेळेत आधी शेरिंगहॅम, मग सोल्शायर. दोन गोल. त्या रात्री जो चिकटलो तो चिकटलोच.

म्हणून गेल्या आठवड्यात युरोपा लीगच्या फायनलला नववीतल्या पोरालाही जागं ठेवलं. रात्री साडेबारा, बिल्बाओ, समोर टॉटनहॅम. लीगमध्ये ते सतराव्या नंबरवर, म्हणजे आमच्याही खाली. त्यांनी ४२ व्या मिनिटाला ब्रेनन जॉन्सनच्या पायाला लागून गेलेला एक गोल केला आणि उरलेला वेळ दार लावून बसले. चेंडू बहुतेक वेळ आमच्याकडं, पण करायचं काय हे अकरापैकी एकालाही ठाऊक नाही. एकाच हंगामात टॉटनहॅमकडून चौथी हार. हे हरल्यामुळं पुढच्या वर्षी युरोपातली एकही स्पर्धा नाही, हे २०१४-१५ नंतर पहिल्यांदाच. सामना संपल्यावर पोरगं एवढंच म्हणालं, "पप्पा, हे मागच्या सामन्यात पण असंच खेळत होते की."

चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला जे दिसतं ते कोचला दिसत नसेल का?

रूबेन अमोरिम नोव्हेंबरमध्ये आले. पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंग लिस्बनला त्यांनी दोनदा लीग जिंकून दिली, त्यातली पहिली तर एकोणीस वर्षांच्या दुष्काळानंतर. माणूस हुशार आहे, बोलतो सरळ, अंगावर जबाबदारी घेतो. फायनल हरल्यावर त्यांनी सांगितलं, संचालकांना आणि चाहत्यांना मी नको असेन तर भरपाईचा पैसा न मागता जाईन, पण राजीनामा देणार नाही. असं बोलायला धमक लागते. पण लीगमधला हिशोब बघा: त्यांच्या हाताखाली २७ सामने, ७ विजय, ६ बरोबरी, १४ पराभव. गुण २७. सामन्याला एक गुण.

अडचण त्यांच्या मांडणीत आहे. मागं तीन बचावपटू, दोन्ही कडांना धावणारे विंगबॅक, मधे फक्त दोघं, पुढं तिघं. लिस्बनमध्ये या मांडणीसाठी खेळाडू वेचून घेतले होते. इथं संघ घेतला होता एरिक टेन हाग यांच्यासाठी, चार बचावपटूंच्या खेळासाठी. डाव्या कडेला अख्खा हिवाळा दालो खेळला. तो उजव्या पायाचा. चेंडू मिळाला की आत वळणार, म्हणजे कड मोकळी आणि समोरच्याचं काम सोपं. फेब्रुवारीत दोर्गू आला तेव्हा निम्म्याहून जास्त हंगाम उलटला होता. मधल्या फळीत दोघं आणि समोरचे तिघं, मग चेंडू हरला की बचावापुढं मैदान मोकळं. त्या दोघांत एक कॅसेमिरो, ज्याचा वेग उतरलाय, आणि दुसरा ब्रुनो फर्नांडिस. ज्या एका माणसाकडून गोल होतात आणि बनतात, त्याला गोलपासून लांब नेऊन उभा केला. पुढं होइलुंड एकटा. सगळ्या लीगमध्ये त्याचे गोल चार. आपल्या तालमीच्या मैदानावरचा कोणीही जुना खेळाडू सांगेल, हाताशी आहेत त्या पोरांकडं बघून डाव मांडायचा असतो.

आणि हट्ट सोडला की काय होतं, तेही याच हंगामात दिसलं. १७ एप्रिल, ओल्ड ट्रॅफर्ड, समोर ल्यों. जादा वेळेत आम्ही २-४ मागं. त्यांचा एक खेळाडू बाहेर गेलेला, हे खरं. पण अमोरिमनी त्या वेळी काय केलं? मग्वायर या बचावपटूला थेट पुढं पाठवलं, मेनूला गोलजवळ नेलं, मांडणी गेली उडत. ब्रुनोची पेनल्टी, मेनूचा गोल आणि १२१ व्या मिनिटाला मग्वायरचा हेडर. ५-४! मी घरात एवढ्यांदा ओरडलो की शेजारच्या काकू सकाळी विचारपूस करून गेल्या. फायनलला मात्र मेनू अगदी शेवटी मैदानात आला आणि गार्नाचो ७१ व्या मिनिटाला.

आता दुसरी बाजू. काही मित्र म्हणतात, फर्ग्युसननाही वेळ लागला होता. बरोबर आहे. ते १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये आले आणि पहिला चषक १९९० मध्ये मिळाला. पुढं तेरा लीग विजेतेपदं. संयम हवाच, म्हणून अमोरिमना हाकला असं मी म्हणत नाही. २०१३ नंतर मॉयेस, व्हान हाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग आणि मग अमोरिम, कायमचे म्हणून नेमलेले सहा कोच झाले. मधले हंगामी वेगळेच. सहा जण एकामागून एक फसतात, तेव्हा नेमणाऱ्यांकडं बोट वळलं पाहिजे.

गेल्या उन्हाळ्यात टेन हाग यांचा करार यांनीच वाढवला, त्यांच्या पसंतीचे खेळाडू घेतले आणि ऑक्टोबर संपायच्या आत त्यांना घरी पाठवलं. भरपाई एक कोटी पौंडांच्या वर. क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थ यांना आणलं, तेही पाच महिन्यांत गेले. आणि क्लबच्याच अकादमीत लहानाचा मोठा झालेला मॅक्टॉमिने? त्याला नापोलीला विकला. गेल्या आठवड्यात नापोली इटलीत विजेता झाली आणि मॅक्टॉमिने तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मुळातलं दुखणं त्याहून जुनं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं हा क्लब विकत घेतला, तेव्हा क्लबवर कर्ज नव्हतं. विकत घ्यायला जे कर्ज काढलं, त्यातलं मोठं ओझं क्लबच्याच डोक्यावर टाकलं. आपल्या भागात सहकारी संस्था बघितलेल्या माणसाला हे लगेच कळेल: संस्थाच गहाण ठेवून संस्था ताब्यात घ्यायची आणि व्याज सभासदांच्या घामातून भरायचं. तेव्हा चिडलेल्या काही चाहत्यांनी वेगळा निघून स्वतःच्या मालकीचा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा क्लब काढला. गेल्या वर्षी जिम रॅटक्लिफ आले, वाटलं आता शिस्त येईल. शिस्त आली, पण ती खालच्यांना. अडीचशे जणांच्या नोकऱ्या गेल्या, पुढं आणखी कपात जाहीर झाली, कर्मचाऱ्यांचं फुकटचं जेवण बंद झालं. हंगाम चालू असताना तिकीट ६६ पौंड केलं, त्यात मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. गेल्या मे महिन्यात ज्या स्टेडियमच्या छपरातून पाण्याचे लोट कोसळताना जगानं बघितले, त्याच्या जागी आता एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधणार म्हणे.

तिकडचा हिशोब वेगळा, इकडचा वेगळा असं समजू नका. नुकसान झालं की शिपायाचा चहा बंद होतो आणि निर्णय घेणारे खुर्चीतच राहतात, हे मी वीस वर्षं बातम्यांत लिहितोय.

ऑगस्टमध्ये पुन्हा बसणार. तीनच गोष्टी बघणार आहे: ब्रुनो गोलजवळ खेळतोय का, मधल्या फळीत तिसरा माणूस आलाय का, आणि अकादमीतल्या पोरांना मैदान मिळतंय की बाजार. यातलं काहीच बदललं नाही, तर मात्र कोचला ठेवा म्हणायला माझ्याकडंही तोंड उरणार नाही.

पोरानं परवा टेबलावर टॉटनहॅमच्या जर्सीची किंमत बघून ठेवली होती. मी काही बोललो नाही. १९९९ ची रात्र मी त्याला किती दिवस सांगत राहणार?

तुमचं काय म्हणणं आहे, लिहा. लिव्हरपूलवाल्यांनी जरा जपून.