चित्रफितीची साक्ष आणि हरवलेला छेद

डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर माणसाचा सहज विश्वास बसतो. न्यायालयात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराला जे वजन असते, तेच आज क्रीडावैद्यकात चित्रफितीला प्राप्त झाले आहे. मैदानावर खेळाडू कोसळतो, तो क्षण मंदगतीने पुनःपुन्हा पडद्यावर दाखविला जातो, आणि गुडघा कसा व का दुखावला हे आपल्याला उमगले, असे प्रेक्षकाला वाटू लागते. संशोधकही या मोहापासून सर्वस्वी मुक्त नसतो. अशा चित्रणांवरून दुखापतींची कारणे शोधणारे निबंध गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. त्यांच्या आधारे सरावाचे कार्यक्रम आखले जातात, क्वचित खेळाचे नियमही बदलतात. तेव्हा या साक्षीचे मोल किती, हा प्रश्न एकट्या वैद्यकाचा राहत नाही. तो पुराव्याच्या शास्त्राचा प्रश्न होतो आणि म्हणूनच अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही त्यावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार पोहोचतो.

या पद्धतीचे महत्त्व प्रथम मान्य केले पाहिजे. गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटण्याची क्रिया प्रयोगशाळेत जिवंत माणसावर घडवून आणता येत नाही. खेळाडूला विचारावे, तर वेदनेच्या क्षणाची स्मृती भरवशाची नसते. साहजिकच चित्रण हाच बहुधा एकमेव दस्तऐवज उरतो. ओस्लो येथील केंद्राशी संबंधित संशोधकांनी २०१० मध्ये हँडबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांच्या अशा दहा दुखापती अभ्यासल्या. अनेक कोनांतील चित्रणांवर सांगाड्याचा संगणकीय नमुना चौकटीगणिक बसवून त्यांनी दाखविले, की पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांच्या आतच गुडघा आतल्या बाजूस झुकतो. हे ज्ञान अन्य मार्गाने मिळणे दुरापास्त होते.

डोळ्यांची मर्यादा

परंतु याच आकड्यात पद्धतीची पहिली मर्यादा दडलेली आहे. सेकंदाला २५ चौकटी टिपणाऱ्या चित्रणात दोन चौकटींमधले अंतर बरोबर ४० सहस्रांश सेकंदांचे असते. म्हणजे जे पाहायचे ते एका चौकटीच्या आणि दुसरीच्या फटीत घडून जाते. शिवाय एकाच कोनातून पाहिलेला सांधा नेमका किती वाकला, हे नुसत्या नजरेने सांगणे कठीण असते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, धावणाऱ्या व वळणाऱ्या व्यक्तींच्या चित्रणांवरून अनुभवी अभ्यासकांना सांध्यांचे कोन अजमावण्यास सांगण्यात आले. त्यांनी गुडघ्याचा बाक प्रत्यक्षाहून सरासरी १९ अंशांनी कमी धरला. ‘दोन निरीक्षकांचे एकमत झाले’ एवढे सांगून अनेक निबंध निर्धास्त होतात, ते कितपत योग्य, हे यावरून कळावे. दोघेही एकाच दिशेने चुकत असतील तर त्यांचे एकमत हे सत्य नव्हे. ती केवळ सामाईक चूक होय.

अंश आहे, छेद नाही

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. इटलीतील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या ‘एसीएल’ दुखापतींचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १४८ दुखापतींपैकी १३४ दुखापतींची चित्रणे त्यात तपासली गेली. गुडघ्यावर थेट आघात होऊन झालेल्या दुखापती अवघ्या १२ टक्के निघाल्या. उरलेल्यांपैकी ४७ टक्के प्रतिस्पर्ध्यावर चाल करून चेंडू हिसकावताना झाल्या होत्या. अभ्यास काळजीपूर्वक केलेला आहे, यात शंका नाही. पण ४७ टक्क्यांचा आकडा वाचून ‘चेंडू हिसकावणे सर्वांत धोक्याचे’ असे कोणी म्हणू लागला, तर तो गणितात नापास होईल. या दुखापतींतील हे प्रमाण झाले. धोक्याचे प्रमाण काढायचे, तर दुखापत न होता चेंडू हिसकावण्याचे किती प्रयत्न झाले, हेही मोजावे लागेल.

एखाद्या गिरणीत पहिल्या पाळीत अपघात अधिक झाले म्हणून ती पाळी धोक्याची ठरत नाही. कदाचित त्या पाळीत कामगारच अधिक असतील. अपूर्णांकात अंशाखाली छेद नसेल, तर त्याला अर्थ राहत नाही. चित्रफितींवरील कित्येक संशोधनात अंश परिश्रमपूर्वक मोजलेला असतो. छेद मात्र हरवलेला असतो.

तो शोधता येतो, हे रग्बीने दाखवून दिले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, धावत्या खेळाडूला अडवून पाडताना डोक्याला मार लागल्याच्या ४६४ घटना घेतल्या गेल्या आणि दुखापत न घडलेल्या तशाच प्रसंगांशी त्यांची तुलना केली गेली. कमरेत वाकून अडविणाऱ्यापेक्षा ताठ उभा राहून अडविणाऱ्याच्या प्रसंगात धोका जवळजवळ दीडपट आढळला. अडविण्याची उंची खाली आणण्याच्या धोरणाला अशा तुलनेमुळेच खरा आधार मिळतो.

दर्जाचे माप

सुदैवाने या क्षेत्रातील जाणत्यांनाही ही निकड जाणवली आहे. अशा अभ्यासांचा दर्जा जोखण्यासाठी २०२३ मध्ये ‘क्यूए-सिवास’ नावाची १८ कलमांची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. अभ्यासाची आखणी, चित्रणांचा उगम, पाहणीची रीत, मांडणी आणि चर्चा यांविषयीचे प्रश्न तीत आहेत. ती स्वागतार्ह आहे. मात्र मोजपट्टीवरील गुण म्हणजे सत्याची हमी नव्हे. हिशेब नीटनेटके लिहिले म्हणून धंदा नफ्यात असतोच असे नाही. तथापि ज्याचे हिशेबच नाहीत, त्याच्या नफ्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही.

आपल्या मैदानांपर्यंत

महाराष्ट्राने याकडे का पाहावे? कबड्डीत चढाई करणाऱ्याला पकडीतून सुटताना जी वळणे व हिसके घ्यावे लागतात, त्यांत गुडघ्याची कसोटी लागते. २०१४ पासून सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे पुरुषांच्या सामन्यांची उत्तम चित्रणे विपुल झाली आहेत. उद्या त्यांवर संशोधन होईल आणि व्हावेही. पण जिल्ह्याच्या स्पर्धेत मातीवर खेळणाऱ्या महाविद्यालयीन मुलीसमोर अनेक कोनांतून टिपणारे कॅमेरे नसतात. ज्याचे चित्रण होते त्याच्याच दुखापतीचे शास्त्र बनते, आणि मग त्याचे नियम ज्यांचे चित्रण झालेच नाही त्यांना लावले जातात. शस्त्रक्रियेचा खर्च आणि बुडालेले वर्ष मात्र त्या मुलीच्या घरालाच सोसावे लागते.

वस्तुतः कबड्डीत छेद मोजणे तुलनेने सोपे आहे. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा असल्याने ४० मिनिटांच्या सामन्यात ऐंशीच्या आसपास वा त्याहून अधिक चढाया होतात आणि प्रत्येक चढाई सुटी मोजता येते. कोणत्या प्रकारच्या किती पकडी झाल्या आणि त्यांतील कितींत गुडघा दुखावला, ही नोंद विद्यापीठांच्या शारीरिक शिक्षण विभागांनी आणि क्रीडा संघटनांनी आपल्या साध्या स्पर्धांतून ठेवण्यास आरंभ करावा. त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. दोन निरीक्षक, एक वही आणि सातत्य एवढे पुरे. चित्रफीत खोटे बोलत नाही, हे खरे. पण तिला जे विचारले जाते तेवढेच ती सांगते. प्रश्न अपुरा असेल तर त्याची जबाबदारी विचारणाऱ्यावरच येते.